धुळ्याच्या सामन्यातला तो एक खो
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण मंडळाने एक काम सोपविले होते, त्याचा हिशेब देणे भाग आहे.

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा संपली. आपल्या मुलींनी नेपाळवर ७८ विरुद्ध ४० गुणांनी विजय मिळविला. कर्णधार प्रियंका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. तो सामना आपण एकत्र बसून पाहिला, तेव्हा शेजारच्या एक जिजी सहज म्हणाल्या, "आम्हीही जळगावहून धुळ्याला सामना खेळायला गेलो होतो." त्यांच्या सुनेलासुद्धा हे ठाऊक नव्हते! त्या संघाची माहिती जमवायचे तिथेच ठरले आणि ते काम माझ्या पदरात पडले.

मोठ्या संघांची आठवण राहते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला देशी खेळ दाखवून आले, हे आजही सांगतात. गल्लीतल्या मुलींचे कोण लिहून ठेवणार? इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदांसाठी गावोगाव हिंडले आणि १९२६ साली धुळ्यातच त्यांनी देह ठेवला. आमच्या संघाचा तर एकही कागद नाही. या जिजी हेच आमचे दप्तर. एक गेली की एक रुमाल कायमचा गेला.

नऊ जणींपैकी दोघी निवर्तल्या होत्या. सहा जणी इथेच सापडल्या. "साल कोणते?" असे विचारले की कोणालाच सांगता येईना. मग मी विचारू लागले, "तेव्हा घरी काय शिजत होते?" सगळ्यांनाच शाळेतली सुकडी आठवली. तेव्हा १९७२-७३ च्या दुष्काळातलेच ते दिवस, हे नक्की झाले.

सामना कसा हरलो, हे मात्र सहाही जणींनी एकसारखेच सांगितले. वेळ संपत आली होती. पाटीवर बसलेल्या एकीला मागून खो मिळाला, पण ती उठलीच नाही. समोरची मुलगी निसटली आणि एका गुणाने सामना गेला. "तिच्यामुळे हरलो." मीही तसेच वहीत लिहून घेतले. सहा जणी खोटे कशाला बोलतील?

ती नववी धुळ्यालाच नांदते, असे कळले. एरंडोल-पारोळ्यावरून एस.टी.ने गेले. "मला काही आठवत नाही," एवढेच त्या बोलल्या. मी वही मिटून पिशवीत घातली. चहा झाला. मग त्यांनी पायावरचा जुना वण दाखविला. सामन्याच्या आदल्या दिवशी त्या आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या होत्या. दगड पायावर पडला. सांगितले असते तर संघातून काढले असते, आणि धुळे पाहायला मिळाले नसते. "खो ऐकू आला गं," त्या म्हणाल्या, "पाय उचलला नाही. पन्नास वर्षांत कोणी विचारले नाही, मीही सांगितले नाही." पुढच्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. खेळ तिथेच संपला.

परत आल्यावर सहाही जणींना हे सांगितले. बराच वेळ कोणी बोलेना. मग एक आक्का म्हणाल्या, "माय, खो मीच दिला होता. तिच्यावर सगळ्यात जास्त मीच ओरडले." त्यांनी माझ्याकडून धुळ्याचा नंबर मागून घेतला. पुढे दोघी काय बोलल्या, ते मी विचारले नाही.

भगिनींनो, मी एवढे शिकले की सहा जणी एकच गोष्ट सांगतात म्हणून ती पुरी होत नाही. जिच्यावर ठपका आहे तिलाही विचारावे लागते. म्हणून स्मरणिकेत दोन्ही हकिकती दिल्या आहेत आणि नावे कोणाचीच दिलेली नाहीत.

आज घरी गेल्यावर आपापल्या सासूबाईंना, आईला एकदा विचारा, "तुम्ही काय खेळत होता?" आणि उत्तर येईपर्यंत जवळ बसा.