झेवियरमधील संग्रहालय आणि आमचा तांब्याचा गडू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुंबईस लेकीकडे गेले असता सेंट झेवियर कॉलेजातील एक लहानसे संग्रहालय पाहिले. कॉलेज जेझुइट पाद्र्यांचे. तेव्हा आत सारे येशू-मेरीच असतील अशी माझी समजूत. पाहते तो आपलेच देव समोर उभे! दगडी मूर्ती, जुनी नाणी, आणि शेजारी हस्तिदंती ख्रिस्ती मूर्तीही.

हे जमविले फादर हेन्री हेरास यांनी. मूळचे स्पेनचे, 1922 साली मुंबईस आले. त्यांची एक गोष्ट सांगतात. प्राचार्यांनी विचारले, कोणता इतिहास तुम्हांला येत नाही? ते म्हणाले, हिंदुस्थानचा. मग तोच शिकवा, असा हुकूम झाला! आपल्यापैकी कोणी असती तर रडकुंडीला आली असती. हे मात्र शिकायला बसले. 1926 साली त्यांनी संशोधनसंस्था काढली. आज तिला त्यांचेच नाव आहे. मोहेंजोदडोची लिपी वाचण्यात त्यांनी वर्षे घालविली. ते वाचन विद्वानांनी मानले नाही, आणि 1955 साली ते वारले. पण जमविलेल्या वस्तू मुलांना शिकण्यासाठी राहिल्या.

तेथील नाण्यांपुढे मला आमच्या घरचा पितळी डबा आठवला. मामंजींना पानमळ्यात खणताना तांब्याची नाणी सापडली होती. सासूबाईंनी आणि मी ती मोडीत घालून गडू आणला. गडू अजून आहे. नाणी कोणाच्या राज्यातली, किती खोल मिळाली, सांगणारे आता कोणी उरले नाही. धातू वितळला त्याचे मला एवढे वाटत नाही. ठिकाण विसरले गेले, त्याचे वाटते.

30 डिसेंबर 1803 रोजी शिंदे आणि इंग्रज यांचा तह आपल्या गावी झाला, म्हणून पुस्तकात आपल्याला एक ओळ मिळते. त्याआधी येथे कोण नांदले, कोणते नाणे चालले, हे आपल्या मळ्यांतली मातीच सांगेल.

जमिनीत दडलेले दहा रुपयांवरचे धन सापडले तर कलेक्टरला कळवावे, असा 1878 चा कायदा आहे. आम्हां सासूसुनांना तो ठाऊक नव्हता. तुम्हांला आता ठाऊक झाला!

मी एक वही घातली आहे. शेतातली, पारावरची शेंदूर फासलेली जुनी शिळा कोणी हलवू नका; ती कोठे आहे, तेवढे येत्या बुधवारी मला येऊन सांगा. पहिल्या पानावर आमचा गडू लिहिला आहे.