बंद घरांच्या वाड्यांतील वार्धक्य



ग्रामीण वृद्धांच्या सामाजिक गरजांचा विचार करण्यासाठी भरलेल्या या परिषदेत स्वागत समिती आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते. परिषद कोकणात भरावी, हे उचितच आहे. कारण 2001 ते 2011 या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची घटली, आणि रत्नागिरीत तर दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया नोंदल्या गेल्या. या आकड्यांमागे चाकरमान्यांचा, म्हणजे पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेल्या कोकणी माणसांचा, काही पिढ्यांचा इतिहास आहे.

पूर्वी बहुधा घरातला पुरुष एकटाच जाई. बायको-मुले गावी राहत, मनीऑर्डर येई आणि म्हाताऱ्यांभोवती घर भरलेले असे. पुढे कुटुंबेच्या कुटुंबे मुंबई-ठाण्याकडे हलली, तेव्हा पैसा येत राहिला तरी घरे मात्र गणपती आणि शिमग्यापुरतीच उघडू लागली. 1982 च्या संपानंतर गावी परतलेल्या गिरणी कामगारांची अडचण आणखी वेगळी, कारण त्यांचे सोबती चाळीतच राहिले आणि गावकीत त्यांची जागा नव्याने तयार झाली नाही.

गावकी म्हणजे देवस्थान, सण आणि तंटे सांभाळणारी गावाची पारंपरिक व्यवस्था. तीत वडीलधाऱ्यांच्या शब्दाला वजन असे (ते प्रामुख्याने पुरुषांच्या आणि मानकरी घराण्यांच्या, हे विसरून चालणार नाही). आज पालखीचे बेतसुद्धा कित्येकदा मुंबईच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर ठरतात. सामाजिक गरज हा शब्द येथे याच अर्थाने घ्यावयाचा आहे: अन्न, औषध आणि निवारा यांच्यापलीकडे, कोणी आपल्याला विचारावे आणि आपण कोणाच्या उपयोगी पडावे, ही गरज.

शासनाच्या योजना या गरजेपर्यंत क्वचितच पोहोचतात. श्रावणबाळ योजनेचे मानधन बँकेत जमा होते. 2007 च्या कायद्यान्वये मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. तथापि वाडीतून थांब्यापर्यंतची घाटी उतरण्यास, हयातीचा दाखला देण्यासाठी तालुक्याला जाऊन दिवसाउजेडी परतण्यास सोबत लागते, आणि तिची तरतूद या योजनांत नाही. ही सामाजिक गरज भागावी म्हणून पटसंख्येअभावी बंद पडलेल्या शाळेची खोली दिवसा वृद्धांसाठी उघडावी, तिचा कारभार त्यांच्याकडेच, त्यातही एकट्या राहणाऱ्या स्त्रियांकडे सोपवावा, ही सूचना स्वागत समिती पहिल्या सत्रापुढे ठेवीत आहे; तिच्यातील उणिवा प्रतिनिधींनी निःसंकोच दाखवाव्यात.