थकवा म्हणजे आळस नव्हे : थायरॉइड व अ‍ॅड्रिनल ग्रंथींचे विकार



घरातील एखादी बाई सारखी थकते. तिला थंडी सोसत नाही, वजन वाढते, केस गळतात, पाळी बिघडते. आपण तिला आळशी ठरवून मोकळे होतो. दोष स्वभावाचा नसून गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा असू शकतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. फुलपाखराच्या आकाराची ही लहानशी ग्रंथी अन्नातील आयोडीनपासून संप्रेरक बनवते व शरीराच्या चयापचयाचा वेग सांभाळते. ती मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी 'टीएसएच' वाढवून तिला चालना देऊ पाहते. म्हणून रक्तात टीएसएच वाढलेले आढळते. संप्रेरक जास्त झाले, तर उलट छाती धडधडते, हात थरथरतात, वजन घटते.

काही बालकांत हा दोष जन्मतःच असतो. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तो ओळखता येतो. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर बुद्धीची वाढ बहुधा नीट होते. महिने वाया गेले, तर ती हानी पुरती भरून येत नाही. बाळंतपण झाल्यावर ही तपासणी आवर्जून मागा.

दुसरी जोडी मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अ‍ॅड्रिनल ग्रंथींची. त्या निकामी झाल्यास होणारा आजार थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली लंडनमध्ये वर्णिला. त्या काळी त्याचे मोठे कारण क्षयरोग होते, आणि आपल्याकडे ते आजही विसरून चालत नाही. थकवा येतो, वजन उतरते, उभे राहताच चक्कर येते, खारट खावेसे वाटते, कातडी काळवंडते. सावळ्या माणसाचे काळवंडणे उन्हावर ढकलले जाते. तळहाताच्या रेषा आणि हिरड्या पाहाव्यात.

आता सर्वांत महत्त्वाचे. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी बरेच जण स्टेरॉइड घेतात. काहींच्या पोटात ते भोंदू वैदूच्या पुडीतून नकळत जाते. चेहरा गोल होतो, आणि लोक म्हणतात, "औषध मानवले!" बाहेरून संप्रेरक मिळू लागल्याने शरीर स्वतःचे बनवणे कमी करते. मग पैसे संपले, बरे वाटले म्हणून गोळी एकदम बंद केली, तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्राणावर बेतते. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू उतरवावी. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याने औषधाचे नाव व मात्रा लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी. अपघातात शुद्ध हरपली, तर डॉक्टरांना तीच सांगेल.