मंदीचा बाजार आणि घरचा धंदा



कामगार संघटनेत ज्याची हयात गेली, अशा माणसाला जमीनजुमल्याच्या आणि घरबांधणीच्या धंद्यावर बोलायला बोलवावे, यात चिटणीसांनी आमची थोडी गंमतच केली आहे. मालकाच्या खुर्चीत आम्ही कधी बसलो नाही. त्या खुर्चीसमोर मात्र पुष्कळ वेळा बसलो आहोत. आणि धंद्याची खरी प्रकृती मालकाच्या मुलापेक्षा त्याच्याकडे थकलेला पगार मागायला जाणाऱ्याला आधी कळते, असा आमचा अनुभव आहे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकण्याचा योग आमच्या नशिबी नव्हता. जे थोडेबहुत शिकलो, ते हजेरीपुस्तकावरून आणि बँकेच्या पासबुकावरून.

आपण ज्या धंद्याविषयी बोलणार आहोत तो मुंबईच्या टोलेजंग कंपन्यांचा नव्हे. डहाणू रोड स्टेशनच्या आसपास, घोलवड-बोर्डीच्या वाटेवर, तलासरीच्या हमरस्त्यालगत जो घरगुती धंदा चालतो, तो हा. त्याची मांडणी सगळीकडे जवळजवळ एकच. वडिलांचे पूर्वी सिमेंट-लोखंडाचे दुकान असते, नाहीतर चिकूची वाडी. वाडीचा एक तुकडा बिगरशेती होतो, त्यावर तीन मजली इमारत उभी राहते, आणि दुकानदाराचा बिल्डर होतो. थोरला मुलगा कामावर उभा राहतो, धाकटा तलाठ्याच्या आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खेटे घालतो, एखादा जावई गिऱ्हाईक आणतो. सून हिशेब लिहिते. तिला पगार नसतो, म्हणून धंद्याच्या नफ्यात तो दिसतो! चांगल्या दिवसांत या मांडणीसारखी स्वस्त आणि चपळ मांडणी दुसरी नाही. वाईट दिवसांत काय होते ते पुढे पाहू. त्याआधी जमीन पाहिली पाहिजे, कारण या दोन तालुक्यांतली जमीन इतर ठिकाणच्या जमिनीसारखी नाही.

आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभेचे काम तेव्हा या भागात उभे राहत होते. वेठ बंद करा, लग्नगड्याची पद्धत बंद करा, ही मागणी होती. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या दोन-चार दिडक्यांपायी नवराबायकोने आयुष्यभर त्याच्या घरी राबायचे, ती ही पद्धत. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मारले गेले. हा इतिहास इथे सांगण्याचे कारण एवढेच, की ज्या सातबाऱ्यावर आज आपण सदनिकेचे स्वप्न पाहतो, त्या उताऱ्याच्या पाठीमागे हे सगळे उभे आहे. पुढे कुळकायदा आला. १९७४ साली जमीन महसूल कायद्यात तरतूद झाली, की आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकणे, गहाण देणे, दान देणे, भाडेपट्ट्याने देणे, काहीही करायचे तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हातची गेलेली जमीन आदिवासीला परत मिळण्याची वाट वेगळ्या कायद्याने मोकळी केली. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि उद्योगांना ५०० एकरांची मर्यादा घातली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसले.

बिल्डर मंडळी या सगळ्याला ‘अडचण’ म्हणतात. आम्हाला ती अडचण वाटत नाही. पण धंद्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: विकण्याजोगी निर्मळ जमीन इथे थोडी, आणि थोड्या जमिनीवर पुष्कळ डोळे. अशा ठिकाणी भाव खऱ्या गिऱ्हाइकाने कमी आणि अफवेने जास्त वाढतो.

एप्रिल २०१३ मध्ये चर्चगेटकडची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. या दोन गोष्टींनी जी हवा तयार झाली तिच्यावर अनेक घराण्यांनी एकीऐवजी दोन-दोन इमारती काढल्या. गाडी आली म्हणजे माणसे येतील, असा हिशेब होता. गाडीत बसून रोज पाच तास जाण्या-येण्यात घालवायला किती माणसे तयार होतील, हा हिशेब कोणी मांडला नाही.

मग घाव आले, ते एकापाठोपाठ एक. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी: या धंद्यातला निम्मा व्यवहार ज्या रंगाच्या नोटांत होत असे त्या एका रात्रीत कागद झाल्या. मे २०१७ मध्ये स्थावर संपदा कायदा, ज्याला सगळे ‘रेरा’ म्हणतात, तो पुरता लागू झाला. जुलैत जीएसटी. सप्टेंबर २०१८ मध्ये एक बलाढ्य वित्तसंस्था कोसळली आणि बिगर-बँक कंपन्यांनी छोट्या बिल्डरांचे कर्ज आखडते घेतले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी. सरकारने त्या वर्षी सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी, पुढच्या जानेवारी ते मार्चमध्ये २ टक्क्यांनी उतरवले, तेव्हा थोडी धुगधुगी आली. पण मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला.

अडीच टक्के म्हणजे काय ते ऐका. २० लाखांचे कर्ज, वीस वर्षांची मुदत. व्याज ७ टक्के असेल तर महिन्याचा हप्ता साधारण १५,५०० रुपये. व्याज साडेनऊ झाले की तोच हप्ता १८,६०० च्या पुढे. महिन्याला तीन हजारांचा फरक. बोईसर-तारापूरच्या कारखान्यातला कामगार हे तीन हजार कोठून आणणार? आणि तो कंत्राटी असेल तर प्रश्नच मिटला, कारण पगाराची चिठ्ठी नाही, नोकरीची शाश्वती नाही, म्हणून बँक त्याला दारातच उभी करत नाही. २०२५ पासून व्याज पुन्हा उतरू लागले आहे, ते ठीक; पण कंत्राटी माणसाला व्याज उतरल्याचा उपयोग नाही. आमच्याकडे एक बिल्डर आले होते. त्यांचा स्वतःचा भाऊ कारखान्याला कंत्राटी मजूर पुरवतो. ते म्हणाले, “साहेब, घरे पडून आहेत, गिऱ्हाईकच नाही.” आम्ही म्हटले, “तुमचे गिऱ्हाईक तुमच्या भावाने कंत्राटात घातले आहे.” त्यांना ते फारसे आवडले नाही.

आता घराण्याच्या आतली गोष्ट. नाव सांगणार नाही. अशी घराणी पुष्कळ आहेत. वडील, दोन मुलगे, दोन सुना. पहिली इमारत २०१४ साली काढली, दुसरी २०१६ साली, मिळून अठ्ठावीस सदनिका. २०१८ च्या दिवाळीच्या तोंडावर तलासरीकडचे गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले आमच्याकडे आले. सात आठवड्यांची मजुरी थकली होती. भातकापणी तोंडावर, घरी जायचे, हातात पैसा नाही. मुकादम म्हणे मालकाने दिले नाही, मालक म्हणे गिऱ्हाइकाने दिले नाही.

आम्ही त्यांच्या ओटीवर बसलो. वडील भला माणूस; खोटे बोलत नव्हते. पण आकडे विचारले की ते देवाचे नाव घेत. शेवटी थोरली सून वह्या घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “काका, आमच्याकडे वह्या तीन आहेत, पण पाकीट एकच.” झाले होते असे, की दुसऱ्या इमारतीचे बुकिंगचे पैसे पहिलीच्या स्लॅबमध्ये गेले, पहिलीच्या शेवटच्या हप्त्यांतून धाकट्याचे लग्न झाले, आणि सिमेंटवाल्याची उधारी दुसरीच्या नव्या बुकिंगवर ढकलली. तेजीत हे चक्र फिरत राहते, कारण नवे गिऱ्हाईक रोज येत असते. रेराने यात खीळ घातली. गिऱ्हाइकाच्या पैशातला ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात राहायचा, आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट, सनदी लेखापाल या तिघांचे दाखले असतील तर काम झाले तेवढेच काढायचे. करारनामा नोंदवल्यावाचून १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही. दुसऱ्या इमारतीचे नवे पैसे असे कुलपात गेले, पहिलीला पैसा राहिला नाही, आणि जो सर्वांत शेवटी रांगेत उभा असतो, म्हणजे बिगारी, त्याची मजुरी थांबली.

कायद्याने धंदा मारला, असे वडील म्हणत होते. सुनेचे मत वेगळे होते, आणि आमचेही. धंद्यात त्या घराण्याचे स्वतःचे भांडवल फार थोडे होते. गिऱ्हाइकाचा विसार, मजुराची थकलेली मजुरी आणि दुकानदाराची उधारी या तीन दुसऱ्यांच्या पैशांना ते आपले भांडवल समजत होते. घरगुती धंद्यात हे फार सहज घडते, कारण एकाच कपाटात लग्नाचे दागिने असतात आणि साठेखतेही. वडिलांना कुणी विचारणारे नसते. मुलाने विचारले तर तो उद्धट ठरतो, सुनेने विचारले तर विचारायलाच नको.

तोड निघाली ती अशी: पहिल्या इमारतीतल्या तीन तयार सदनिका मागितलेल्या भावापेक्षा बऱ्याच खाली विकल्या. तयार घराला भोगवटा दाखला असल्याने त्यावर जीएसटी लागत नाही, म्हणून गिऱ्हाईक लवकर मिळाले. त्या पैशातून मजुरी चार हप्त्यांत चुकती झाली. वडिलांना भाव उतरवणे अपमानाचे वाटत होते. “शेजारच्याला काय तोंड दाखवू?” असे ते म्हणत. बाजार पडला असताना भाव धरून बसणे ही या धंद्यातली सर्वांत महाग हौस आहे. तिचे व्याज रोज चढते, आणि ते दिसत नाही.

त्याच दिवाळीचे दिवस सरतात न सरतात तोच, नोव्हेंबर २०१८ मध्ये धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले. डहाणू-तलासरीत ते महिनोन्‌महिने चालले. काही ४ रिश्टरच्या वर गेले. लोक थंडीत घराबाहेर, तंबूंत झोपले. तेव्हा गिऱ्हाईक प्रथमच भावाऐवजी कॉलमातल्या सळईची चौकशी करू लागले. मंदीत बिल्डर पहिली काटकसर कोठे करतो, हे गवंड्याला ठाऊक असते: रिंगा लांब-लांब, सिमेंट पातळ, आणि स्लॅबला पाणी मारायला माणूस नाही. आमच्या वारली गवंड्यांनी काही ठिकाणी असे काम करायला नकार दिला. कोणत्याही कायद्यापेक्षा त्या नकाराने अधिक घरे वाचली असतील, असे आमचे मत आहे. त्या गवंड्याचे स्वतःचे घर कुडाचे. ते हलले तरी पडत नाही, हीही एक मौज.

या मजुरांसाठी १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर बसवला. तो कायदा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत मिसळला आहे. त्या संहितांविषयी आमचे भांडण मोठे आहे, आज ते काढत नाही. पण बारा महिन्यांत ९० दिवस काम केलेल्या मजुराची नोंदणी व्हावी, ही गोष्ट राहिली आहे. ९० दिवसांचा दाखला द्यायला घरगुती बिल्डर घाबरतो. दाखला दिला तर उपकर विचारतील, ही भीती. उपकर तर त्याने दिलेलाच असतो. बांधकामाची परवानगी घेतानाच तो भरून घेतात. म्हणजे पैसे भरून लाभ मात्र आपल्याच माणसाला मिळू द्यायचा नाही!

आता पुन्हा हवा बदलते आहे. तलासरीतून मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, दोन्ही तालुक्यांतून बुलेट ट्रेन, आणि डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदर. ज्या प्राधिकरणाने १९९८ साली बंदराला नकार दिला होता, त्यानेच जुलै २०२३ मध्ये परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराची कोनशिला बसली. मच्छीमारांचा त्याला विरोध आहे आणि त्यांची बाजू आम्हाला पटते. पण आजच्या विषयापुरते एवढेच, की बंदराचे नाव घेऊन दलाल गावोगाव फिरू लागले आहेत. आदिवासीची जमीन दुसऱ्याच आदिवासीच्या नावावर घ्यायची, पैसा तिसऱ्याचा. किंवा मुखत्यारपत्र करून ठेवायचे आणि ‘मंजुरी येतेच आहे’ असे सांगत प्लॉट पाडून विकायचे. मुंबईचा, नाशिकचा पेन्शनर आपली पुंजी घेऊन येतो आणि कागदावर त्याला जमिनीऐवजी एक कोर्टकज्जा मिळतो. जमीन ज्याची, त्यालाही काही मिळत नाही. ज्या घरगुती धंदेवाल्याला मंदीत फटका बसला, त्यालाच हा मोह सर्वांत जास्त होतो. कारण मागची भोके बुजवायची असतात.

त्या घराण्याचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. दुसरी इमारत रखडत-रखडत २०२१ साली पुरी झाली. तिसरी त्यांनी काढली नाही. धाकट्याने वडिलांचे सिमेंटचे दुकान पुन्हा चालवायला घेतले आहे. थोरला आणि त्याची बायको भाड्याच्या खोल्या बांधतात, कारखान्यातल्या कंत्राटी पोरांसाठी. ज्यांना बँक दारात उभी करत नाही, त्यांनाही रात्री झोपायला छप्पर लागतेच. नफा फार थोडा, अशी थोरल्याची कुरकुर असते. खात्यात मात्र प्रत्येक महिन्याला काहीतरी पडते. दलाल दर आठवड्याला त्यांच्याही ओटीवर येऊन बसतो. त्याला चहा मिळतो. बोलणे सुरू होण्याआधी सून मूळ सातबारा, फेरफार आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीचा कागद मागते, आणि बहुतेक वेळा चहा संपला की दलाल उठतो.