ओठ न मिटता रामायण



पेशवाई म्हटली, की आपल्याला 1761 चं पानिपत आठवतं. पण त्या काळाचा इतिहास बारामतीत, कऱ्हेकाठीही घडत होता… एका कवीच्या हातून. मोरोपंत मूळचे पन्हाळ्याचे, जन्म 1729. बारामतीचे सावकार बाबूजी नाईक यांच्या आश्रयाने ते तिथे राहिले. त्यांची 108 रामायणं प्रसिद्ध आहेत. त्यातलं एक निरोष्ठ… म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य! आता 'राम' म्हणून पाहा. ओठ मिटले ना? म्हणजे रामायणात 'राम' हा शब्दच चालत नाही.

कुणी म्हणेल, ही नुसती शब्दांची कसरत. काही अंशी खरंच आहे. पण त्यांच्या आर्या वृत्तातल्या रचना कीर्तनकारांनी गावोगाव नेल्या… पंडिती कविता अशी लोकांच्या कानी पडली. हाही पेशवाईचाच इतिहास, आणि तो बारामतीत घडला.

मोरोपंत 1794 साली बारामतीतच वारले.