रोजचा खरारा : बैलाच्या आरोग्याची राखण



खरारा म्हटला की आधी घोडा आठवतो. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे घोडा विरळाच. शेतीचा भार ओढते ती बैलजोडी. खांदशेकणीला आपण बैलाचे खांदे शेकतो, पोळ्याला त्याला धुऊन सजवतो. रीत चांगलीच आहे. मात्र पोळा येईपर्यंत रोवणी बहुतेक उरकलेली असते. बैलाचा कस लागतो तो त्याआधी, चिखलणीत. ऐन वेळी एका बैलाचा खांदा सुजला की जोडी घरी बसते, पऱ्ह्यांचे वय वाढते, फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. भाड्याचा ट्रॅक्टरही त्या दिवसांत लवकर हाती लागत नाही. म्हणून खरारा रोजच हवा.

खरारा कसा करावा?

बैल कामावरून आला की लगेच थंड पाणी ओतू नका. सावलीत बांधा, दम जिरू द्या. मग पायांचा चिखल धुऊन अंग कोरडे करा. विकतचा खरारा नसेल तर तणशीचा घट्ट पिळलेला बोळा चालतो. मानेपासून सुरुवात करून पाठ, कूस आणि मांड्या अशा क्रमाने जा. आधी केसांच्या उलट बाजूने हलके घासा म्हणजे मळ सुटेल, नंतर केसांच्या दिशेने घासा. लोखंडी खरारा मांसल भागावरच वापरा. तोंड, पोट व पायांच्या हाडांवर मऊ फडके किंवा बोळा फिरवा. खुरांच्या बेचक्यातले खडे-काटे काढा.

एका हाताने घासताना दुसरा हात अंगावरून फिरता ठेवा. गाठ, सूज, जखम डोळ्यांच्या आधी हाताला कळते. 2022 साली राज्यात लंपी रोगाची मोठी साथ आली होती. अशा रोगाच्या गाठी लवकर सापडल्या तर जनावर वेळीच वेगळे बांधता येते.

गोचीड कुठे शोधावी?

आपली गुरे जंगलात चरतात, तिथून गोचीड अंगावर येते. कानाच्या आत, गळ्याच्या पोळीखाली, शेपटीच्या बुडाशी आणि जांघेत रोज पाहा. गुरांवरची नेहमीची गोचीड अंगावर साधारण 3 आठवडे राहते. रक्त पिऊन टम्म फुगली की खाली गळते आणि कोठ्याच्या भेगांत दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणजे आज काढलेली एक गोचीड ही उद्याच्या हजारोंची कमी. काढलेली गोचीड उघड्या हाताने चिरडू नका, जाळून टाका. कोठ्याच्या भेगा बुजवा, भिंतींना चुना लावा, झाडलेला कचरा दूर नेऊन जाळा.

पिकावर फवारायचे औषध बैलाच्या अंगाला कधीही लावू नका. त्याने विषबाधा होऊन जनावर दगावू शकते. गोचिडीचे औषध पशुवैद्यकाला विचारून, सांगितलेल्या प्रमाणातच वापरा. गोचिडीमुळे रक्ताचे रोगही होतात. ताप, लाल लघवी, खाणे बंद अशी लक्षणे दिसली तर वाट पाहू नका.

खांद्याची काळजी

आपला कठाणी बैल बांधीच्या चिखलात चिवट आहे. पण ओल्या मानेवर खडबडीत जू घासले तर त्याचेही कातडे सोलते. जुवाच्या गाठी, खिळे हंगामाआधीच घासून गुळगुळीत करा. उंचीला सारखे बैल जोडीला लावा. जू उतरवताच खांदा पुसून कोरडा करा आणि दाबून पाहा. जागा गरम लागली किंवा बैलाने अंग चोरले तर दुसऱ्या दिवशी जू ठेवू नका. दोन दिवसांची विश्रांती परवडते. खांदा पिकून जखमेत आळ्या पडल्या तर सारा हंगाम जातो.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, किंवा 1962 या क्रमांकावर फोन करा.

कोणी म्हणेल, रोज एवढा वेळ कुठला? बैलामागे पंधरा मिनिटे पुरतात, आणि हे काम घरातली शाळकरी पोरेही मोठ्यांसोबत शिकू शकतात. पोळ्याला बैलाची पूजा जरूर करा. पण बाकीच्या दिवशीही त्याच्या अंगावरून हात फिरू द्या.