डिस्चार्ज बुकातलं नाव



माजी सैनिकाच्या तब्येतीचा विषय निघाला की लोकांना गोळीची जखम आठवते. आपल्या अमरावती-अकोल्याकडच्या जवानाचं दुखणं बहुधा वेगळं असतं: साखर, रक्तदाब, बर्फात उभं राहून झिजलेले गुडघे. शिपाई चाळिशीच्या आसपासच घरी येतो. पुढची तीस-चाळीस वर्षं तो गावातच काढतो, आणि आजार तिथेच सुरू होतात.

१ एप्रिल २००३ ला ईसीएचएस ही माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्याआधी अकोल्याच्या पेन्शनराला लष्करी इस्पितळ हवं असेल तर कामठी गाठावी लागे, म्हणजे अडीचशे किलोमीटर. आता अमरावतीला पॉलिक्लिनिक आहे, अकोल्यालाही आहे. तिथे तपासणी होते, औषधं मिळतात, आणि मोठा आजार असेल तर यादीतल्या खासगी रुग्णालयाचं रेफरल मिळतं. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना वर्गणीही माफ आहे. योजना मोलाची आहे. तिच्यामुळे वाचलेली माणसं मी पाहिली आहेत. धारणीहून पहाटेची एसटी धरून साखरेच्या गोळ्यांसाठी अमरावतीला येणारा म्हातारा जवानही पाहिला आहे. गोळ्यांसाठी त्याचा अख्खा दिवस जातो, हे मला पटत नाही.

पण आज मला बोलायचंय ते जवानाच्या बायकोबद्दल.

लग्न झालं की आपल्याकडे मुलीचं नाव बदलतं. तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं जातं, सगळे हसतात, पेढे वाटतात. जवान रजा संपवून पलटणीत परततो आणि क्लार्कला सांगतो, लग्न झालं. क्लार्क लग्नाच्या कागदावरचं नाव घेतो. ते माहेरचं असतं. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा लष्करी आदेश, निघते, तेच नाव डिस्चार्ज बुकात जातं, तिथून पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात. इकडे गावात रेशनकार्ड, मतदार यादी, आधार सगळं सासरच्या नावानं होतं. नवरा जिवंत असेपर्यंत याचा कुणाला पत्ताच नसतो.

दर्यापूर तालुक्यातली एक बाई माझ्याकडे आली होती. मी स्वतः सुभेदार म्हणून निवृत्त झालो, आयुष्यभर क्लार्कचंच काम केलं, म्हणून लोक कागद घेऊन येतात. नवरा जाऊन चौदा महिने झाले होते. कुटुंब निवृत्तिवेतन अडलेलं, आरोग्य कार्डही अडलेलं, आणि रक्तदाबाच्या गोळ्या ती शेतमजुरी करून विकत घेत होती. कागदावर शांता, आधारावर सुमन. मला म्हणाली, "मी थेच आहो ना भाऊ. नाव बदललं म्हणून मानूस बदलते काय?"

तिचा प्रश्न रास्त होता. प्रतिज्ञापत्र झालं, वर्तमानपत्रात जाहीर सूचना झाली, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र जोडलं, अर्ज रेकॉर्ड ऑफिसला गेला. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. दर्यापूरच्या विधवेनं सागरच्या टेबलाशी पत्रव्यवहार कसा करायचा? पीपीओ दुरुस्त होऊन आला तेव्हा अठरावा महिना सरत होता. नवरा हयात असता तर हेच काम त्याच्या सहीनं कितीतरी सोपं झालं असतं.

नाव जुळलं तरी प्रत्येकाला कार्ड मिळतंच असं नाही. पंधरा वर्षं न भरता घरी आलेल्या शिपायाला सहसा पेन्शन नाही, म्हणून ईसीएचएसचं कार्डही नाही. २०२२ पासून भरती झालेल्या अग्निवीरांपैकी जे चार वर्षांनी परततील, त्यांनाही नाही. सीमेवर घालवलेला काळ कमी म्हणून पुढचं आजारपण त्यांनी एकट्यानं सोसावं, हे मला मान्य नाही, आणि ते मी इथे स्पष्ट सांगतो.

दर वर्षी ७ डिसेंबरला आपण ध्वजदिनाचा निधी देतो. जरूर द्या. पण नोव्हेंबरात गावातली म्हातारी माणसं हयातीच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रासमोर रांगेत उभी असतात, तेव्हा कुणा शिकलेल्या पोरानं तासभर शेजारी उभं राहावं आणि पीपीओ आणि आधार समोरासमोर ठेवून नाव तपासावं.

आज सभागृहात बरेच माजी सैनिक दिसताहेत. काही विचारायचं असेल तर व्याख्यान संपल्यावर मी बाहेर टेबलाशी बसणार आहे. घरी गेल्यावर डिस्चार्ज बुक काढा, कुटुंबाचं पान उघडा आणि तिला जवळ बसवून तिचं नाव मोठ्यानं वाचा. आधारशी जुळलं नाही तर उद्या सकाळी ते पान घेऊन माझ्याकडे या, दोघंही या.